तेरच्या उसाचा हिशेब कोणाच्या वहीत?

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात इथलं कापड गाड्यांमधून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. आज तेरणा नदीच्या खोऱ्यातून ऊस जातो. उसाची साखर होते आणि ती पुढे बिस्किटं, शीतपेयं बनवणाऱ्या कंपन्यांकडे पोचते. युरिया दिलेल्या जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो, शेतात पाचट पेटतं, ऊस वाहताना ट्रॅक्टरचं डिझेल जळतं. साखर विकत घेणाऱ्या कंपनीसाठी हे सगळं अप्रत्यक्ष उत्सर्जन. ते तिने मोजावं का, या प्रश्नाला आता पाव शतक होत आलं.

२००१ मध्ये हरितगृह वायूंचा हिशेब कसा ठेवायचा हे सांगणाऱ्या ‘जीएचजी प्रोटोकॉल’ने उत्सर्जनाचे तीन भाग पाडले. पहिला स्वतःच्या भट्ट्या आणि वाहनांचा, दुसरा विकत घेतलेल्या विजेचा आणि तिसरा, म्हणजे ‘स्कोप ३’, उरलेल्या सगळ्या साखळीचा. पहिले दोन मोजायचे, तिसरा ऐच्छिक, असं ठरलं. २०११ मध्ये या तिसऱ्या भागासाठी पंधरा प्रकारांची स्वतंत्र चौकट आली.

आपल्याकडे बाजार नियामक सेबीने मे २०२१ मध्ये बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांसाठी शाश्वततेचा अहवाल आणला. २०२२-२३ पासून तो सक्तीचा झाला, पण स्कोप ३ ऐच्छिकच राहिला. जुलै २०२३ मध्ये पहिल्या अडीचशे कंपन्यांनी पुरवठादारांचीही माहिती द्यावी, नाहीतर कारण सांगावं, असं ठरलं. मार्च २०२५ मध्ये तेही ऐच्छिक करून वर्षभर पुढे ढकललं गेलं.

कंपन्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. हजारो शेतकऱ्यांची माहिती गोळा करणं सोपं नाही. कारखान्याचं थेट उत्सर्जन खरेदीदाराच्या वहीत पुन्हा येतं, हेही खरं. पण स्कोप ३चा आकडा देशाची बेरीज करण्यासाठी नसतोच. आपल्या खरेदीमुळे कुठे काय घडतं आणि ते कुठे बदलता येईल, हे कंपनीला त्यातून कळतं.

खरी उणीव मोजण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक वेळा खरेदीच्या रकमेला सरासरी गुणांक लावून आकडा काढतात. एखाद्या शेतकऱ्याने ठिबकमधून मोजून खत दिलं, पाचट न जाळता सरीत कुजवलं, तरी तो आकडा तसूभरही हलत नाही. नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट तापवतो. म्हणजे खतातली बचत ही मोठी कमाई आहे, पण वहीत तिला जागाच नाही.

म्हणून कंपनीने मोजावंच. सगळे पंधरा प्रकार एकदम हाती घेण्याची गरज नाही. जिथे उत्सर्जन सर्वांत जास्त, तिथून सुरुवात करावी आणि शेतकऱ्याने केलेला बदल दिसेल असं मोजावं. या मोजणीचा खर्च कंपनीने उचलावा आणि उत्सर्जन घटलं तर उसाला त्याचा मोबदला द्यावा. फॉर्म भरण्याचं ओझं तेरच्या शेतकऱ्यावर आणि शाबासकी मुंबईच्या कार्यालयाला, अशी वाटणी झाली, तर ती मोजणी न्यायाची होणार नाही आणि टिकणारही नाही.