साडेचारमधले शतांश

राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हे तिघेही नेमबाज कोल्हापूर जिल्ह्याचे. त्यांच्याकडे पाहून गडहिंग्लजच्या एखाद्या मुलीने एअर पिस्तूल हाती घेतलं, तर छर्रे कुठले घ्यायचे, हा प्रश्न लगेच येतो.

डबीवर ४.५ मिलिमीटर लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावर भागत नाही. चांगल्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असा डोक्याचा नेमका व्यासही छापतात. शिशाच्या छर्‍याचं डोकं चपटं, कंबर बारीक आणि मागचा घेर पोकळ असतो. हवेच्या दाबाने घेर फुगतो, नळीतल्या पिळाच्या खाचांत बसतो आणि छर्‍याला फिरकी मिळते. डोकं सैल असेल तर छर्रा नळीत किंचित कलंडू शकतो. फार घट्ट असेल तर घासून वेग कमी-जास्त होतो.

प्रत्येक नळी थोडी वेगळी, त्यामुळे मैत्रिणीचा आकार आपल्याला चालेलच असं नाही. पिस्तूल शिकंज्यात पक्कं बसवा, दहा मीटरवरून प्रत्येक आकाराचे पाच-पाच छर्रे एकाच जागी मारा आणि कागदावरची भोकं बघा. ज्याचा पुंजका सर्वांत लहान, तो आपला. ही चाचणी प्रशिक्षकांसमोरच करावी. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं असतं, म्हणून मला ही खटपट आवश्यक वाटते. मात्र हात अजून स्थिर नसेल, तर आधी सराव. महागड्या डब्या नंतर.

छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवायलाच हवेत. शिसं विषारी आहे.