सोनार किल्ल्याला पाण्याचे भय

पिवळ्या दगडाचा भव्य किल्ला, कोरीव हवेल्या आणि उंटावरची सफर ही राजस्थानातील जैसलमेरची सर्वपरिचित ओळख. मावळतीच्या उन्हात सारे शहर सोन्यासारखे झळाळते, म्हणून ते ‘सुवर्णनगरी’ म्हणून प्रसिद्ध झाले. मात्र येथील बहुतेक प्रेक्षणीय स्थळांमागे पाण्याचा हिशेब दडलेला आहे. या भागात वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. जैसलमेरला तेवढ्या पावसासाठी जवळजवळ पाच वर्षे लागतात. अशा ठिकाणी थेंब थेंब साठवून वैभव उभारणाऱ्या शहराच्या किल्ल्याला आज मुरणाऱ्या पाण्यानेच ग्रासले आहे.

वस्तीचा किल्ला

भाटी राजपूत घराण्यातील रावळ जैसल याने ११५६ मध्ये लोद्रवा येथील राजधानी सोडून त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसविला. टेकडीची उंची सुमारे ७५ मीटर असून तटबंदीला ९९ बुरूज आहेत. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ असे चार दरवाजे ओलांडून पर्यटक राजवाड्यासमोरील चौकात पोहोचतो. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या १९७४ च्या चित्रपटामुळे बंगाली पर्यटकांना या किल्ल्याची विशेष ओढ लागली. २०१३ मध्ये राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांचा ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. जैसलमेर हा त्यांपैकी एक होय.

आपल्याकडील बहुतेक गडांवर आज पडके अवशेष उरले आहेत. जैसलमेरच्या किल्ल्यात मात्र अजूनही हजारो लोक पिढ्यानपिढ्या राहत आहेत. अरुंद गल्ल्यांत घरे, दुकाने, देवळे यांची दाटी आहे. येथील जैन मंदिरांतील शिल्पकाम आवर्जून पाहावे असे आहे. मंदिरांच्या परिसरातील जिनभद्रसूरी ज्ञानभांडारात ताडपत्रांवरील दुर्मीळ हस्तलिखिते जतन केलेली आहेत. कोरड्या हवेने ती शतकानुशतके टिकविली.

हवेल्या आणि मुंबईचे बंदर

किल्ल्याखालील शहरातील हवेल्या ही व्यापाऱ्यांची देणगी. भारतातून सिंधमार्गे इराण, अरबस्तानाकडे जाणारे उंटांचे तांडे येथे थांबत आणि त्यांच्या मालावरील जकातीतून राज्य चाले. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याने १८०५ मध्ये सुरू केलेला पाच हवेल्यांचा समूह ‘पटवों की हवेली’ या नावाने ओळखला जातो. दगडाच्या जाळ्या आणि पुढे आलेले झरोके ऊन अडवतात व वारा आत घेतात. दिवाण नथमल यांची १८८५ मधील हवेली दोन भावांनी डावी-उजवी बाजू वाटून घेऊन कोरली, असे सांगतात. म्हणूनच तिच्या दोन्ही अंगांची नक्षी एकसारखी दिसली, तरी बारकाईने पाहता वेगळी आहे.

या भरभराटीला उतरती कळा लागण्यामागे मुंबईचाही वाटा आहे. ब्रिटिश काळात मुंबई बंदराचा उत्कर्ष झाला, माल समुद्रमार्गे जाऊ लागला आणि तांड्यांची वाट ओस पडली. १९४७ च्या फाळणीने सिंधकडचा उरलासुरला मार्गही बंद झाला. आज त्या पोकळीची भरपाई प्रामुख्याने पर्यटनाने केली आहे.

गडीसर आणि कुलधरा

पर्यटक गडीसर तलावाकडे नौकाविहाराचे ठिकाण म्हणून पाहतात. प्रत्यक्षात चौदाव्या शतकात रावळ घडसी याच्या काळात नव्याने बांधलेला हा तलाव शतकानुशतके शहराचा प्रमुख जलसाठा होता. घराघरांत येथूनच घागरी भरून पाणी नेले जाई. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आल्यानंतर शहराचे त्यावरील अवलंबित्व संपले.

शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवरील कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे ओसाड गाव. जुलमी दिवाण सालिमसिंह याच्या जाचाला कंटाळून गावकरी एका रात्रीत निघून गेले, अशी आख्यायिका आहे. अभ्यासक घटते पाणी व जाचक कर अशीही कारणे पुढे करतात. पालीवालांची ‘खडीन’ पद्धत मात्र दंतकथा नव्हे. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल भागात बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरले की त्याच ओलीवर गहू व हरभरा घ्यायचा, अशी ही शेती होय. या परिसरात आजही खडीन पाहावयास मिळतात.

किल्ला का खचतो?

किल्ल्याची बांधणी कोरड्या हवामानाला साजेशी आहे. भिंतींचे दगड चुन्याविना एकमेकांत खाचा करून बसविलेले आहेत, तर घरांच्या धाब्यांवर मातीचे जाड थर आहेत. टेकडीतही वालुकाश्मासोबत चिकणमातीचे थर आहेत. पूर्वी पाणी डोक्यावरून वर आणावे लागे, त्यामुळे ते जपून वापरले जाई, आणि क्वचित पडणारा पाऊस ‘घूट नाली’ या निचरा व्यवस्थेतून तटाबाहेर जाई.

नळ आले, तसे चित्र पालटले. घरांची हॉटेले झाली, स्नानगृहे वाढली, सांडपाणी गळक्या वाहिन्यांतून टेकडीत मुरू लागले. भिजलेली चिकणमाती फुगते, मऊ होते आणि वरचे बांधकाम खचते. काही बुरूज यापूर्वीच ढासळले आहेत. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेने १९९६ मध्येच किल्ल्याचा समावेश संकटग्रस्त वारशांच्या यादीत केला. त्यानंतर तटबंदी आणि निचऱ्याची कामे झाली. तरीही ऑगस्ट २०२४ मधील जोरदार पावसात तटाचा काही भाग कोसळला.

यावर रहिवाशांना हलविणे हा सोपा उपाय नाही. वस्ती गेली, तर किल्ल्याचे वेगळेपणच संपेल. शिवाय त्यांचा चरितार्थ पर्यटकांवर अवलंबून आहे. पर्यटकांच्या हाती मात्र एक गोष्ट निश्चित आहे. मुक्कामासाठी किल्ल्याबाहेरील निवास निवडावा. किल्ल्यात फिरावे, जेवावे, खरेदी करावी. तेथील लोकांना उत्पन्न मिळते आणि टेकडीवरील पाण्याचा भारही वाढत नाही.

कधी व कसे जाल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रात्री कडाक्याची थंडी पडत असल्याने उबदार कपडे न्यावेत. जोधपूरहून सुमारे २८५ किलोमीटरचा प्रवास रेल्वेने किंवा रस्त्याने करता येतो. जैन मंदिरे पाहण्यासाठी सकाळची वेळ राखून ठेवावी. शहरासाठी दोन दिवस पुरेसे आहेत. तिसऱ्या दिवशी कुलधरा व सुमारे ४० किलोमीटरवरील सम येथील वाळूच्या टेकड्या पाहून होतात.