आधी पोत, मग रंग

गौरी-गणपतीचं मखर असो, डोहाळजेवणाचा झोपाळा असो की मुंजीचं व्यासपीठ. सजावट ठरवायला बसलं की मंडळी आधी रंगाचंच काढतात. ‘ताई, हिरवा-गुलाबी चांगलं दिसेल ना?’ पुण्यात घरगुती समारंभांची सजावट करताना हे मी सतत ऐकते आणि दर वेळी सांगते, रंगाचं नंतर बघू, आधी कापडं हातात घ्या. वेगवेगळी कापडं एकत्र शोभतात ती पोत, वजन आणि झळाळी यांच्या मेळामुळे. तो मेळ जमला, तर दोनच रंगांतही कार्य भरून दिसतं.

२०१८ साली राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली आणि घरोघरी कापडी मखरांना मागणी वाढली. हे फार चांगलं झालं. कापड धुता येतं, घडी घालून ठेवता येतं, पुढच्या वर्षी नव्या रूपात लावता येतं. मात्र दिसेल ते कापड आणून टाचलं की सजावट झाली, असं होत नाही.

सॅटिन उजेड परावर्तित करतं, मखमल तो शोषून घेते आणि सुती कापड या दोन्हींच्या मधलं. सॅटिनशेजारी टिश्यू लावलं, की दोन्ही चमकतात आणि नजर मूर्तीवर ठरत नाही. फोटोत तर नुसते पांढरे डाग उठतात. म्हणून माझी मांडणी साधी असते. मागचा मोठा पडदा मोतिया किंवा कोऱ्या सुती कापडाचा, त्यावर नेट किंवा ऑर्गंझाचा एखादा पारदर्शक पदर आणि झळाळीचं कापड एकच, तेही थोडंसं. मखमल वापरायची तर चौरंगावर किंवा पाटाखाली. तिचे पट्टे जोडताना सगळ्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एकाच ताग्यातले दोन तुकडे वेगळ्या रंगाचे दिसतात.

खणाची सध्या सगळ्यांना हौस आहे. पारंपरिक खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. त्याची बारीक नक्षी हातभर अंतरावरून पाहावी. तोच खण व्यासपीठामागे भिंतभर लावला, तर दहा-बारा फुटांवरून नक्षी विरून जाते, उरतो तो एक रंग आणि काठ. म्हणून खण तिथे लावावा जिथे माणसं जवळ येतात: मखराची कमान, ओटीचं ताट ठेवायचं टेबल, झोपाळ्याची पाठ. मोठ्या पडद्यावर खणाचे फक्त काठ उभे सोडले, तर लांबूनही रेषा ठसठशीत दिसते.

नंतर येतं वजन. हलक्या नेटच्या पडद्यावर जड जरीची झालर शिवली, की नेट ओढलं जातं आणि वरची ओळ मधोमध लोंबते. जड कापडाला त्याचा स्वतंत्र दांडा द्यावा. चुण्यांचा हिशेबही आधीच करावा. १२ फूट रुंद, ८ फूट उंच पडद्याला दुपटीच्या चुण्या घालायच्या, तर ४४ इंची पन्ह्याचे ७ पट्टे लागतात. वरची-खालची दुमड धरून सुमारे १८ मीटर कापड. नेट विरळ असतं, त्याला तिप्पट रुंदी घ्यावी लागते. कापड कमी पडलं की चुण्या ताणल्या जातात आणि उंची कापडसुद्धा गरीब दिसतं.

‘आईची पैठणी मागे लावता येईल का?’ असंही विचारतात. जरूर लावावी, पण टाचणी न मारता. रेशमात टाचणीचं भोक राहतं आणि करकरीत घडीवर जर मोडते. जाड दांड्यावर आधी मऊ सुती कापड गुंडाळावं आणि त्यावरून पैठणी सोडावी. पदर समोर आला की बाजूला दुसरं कोणतंही नक्षीचं कापड नको.

शेवटची गोष्ट आगीच्या धोक्याची, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हरियाणातल्या डबवलीत २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या कार्यक्रमात मांडव पेटला आणि ४०० हून अधिक माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. कृत्रिम धाग्याचं कापड जळताना वितळतं आणि खाली ठिबकतं, अंगाला चिकटतं. सुती कापडही पेट घेतं, पण वितळत नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात ते भिजवून वाळवलं, तर लवकर पेटत नाही. धुतल्यावर मात्र हा गुण निघून जातो, तेव्हा पुन्हा भिजवावं लागतं. कापड कशाचं आहे हे कळत नसेल, तर चार धागे काढून चिमट्यात धरून घराबाहेर जाळून पाहावेत. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि पॉलिएस्टरचा कडक मणी होतो.

रविवार पेठेतल्या कापडगंजात गेलात, तर थेट तागा उचलू नका. आधी वीतभर तुकडे घ्या, ते घरी ज्या दिव्याखाली लावणार त्याच उजेडात शेजारी शेजारी टांगा, चार पावलं मागे जाऊन पाहा आणि मगच मीटर सांगा. आणि समई, निरांजन, हॅलोजन जिथे असेल, तिथून नेट-सॅटिन लांबच ठेवा.