सापाची कात आणि सापाची वाढ

पावसाळ्याच्या तोंडी गोठ्यातील लाकडांच्या ढिगात अथवा कुंपणाच्या दगडांत पांढुरकी, कागदासारखी चुरचुरणारी कात सापडली, की घरात दोन मते निघतात. सापाला नवे तारुण्य आले, हे एक. आणि कातेएवढा लांब साप अद्याप येथेच दडून आहे, हे दुसरे. दोन्ही मते तपासून पाहण्याजोगी आहेत.

कात म्हणजे सापाच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा, निर्जीव थर. मनुष्याची नखे व केस ज्या द्रव्याचे बनतात, तेच केराटिन यातही असते. मनुष्याची त्वचाही झिजून जाते, परंतु कणाकणाने व नित्य. सापाची मात्र एकदम व बहुधा अखंड निघते. जुन्या थराखाली नवा थर सिद्ध झाला, की दोहोंमध्ये एक द्रव साचतो. त्या दिवसांत अंगाचा रंग मळकट दिसतो आणि डोळे निळसर, दुधाळ होतात. कारण सापाला पापण्या नसून डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, व तोही कातेबरोबर बदलतो. दृष्टी मंदावल्यामुळे साप आडोशाला पडून राहतो, भक्ष्याकडे सहसा वळत नाही, आणि डिवचल्यास लवकर चिडतो. पुढे डोळे निवळतात. त्यानंतर काही दिवसांनी तो खरखरीत दगडावर किंवा काटक्यांवर ओठ घासू लागतो. तेथे कात सुटून अडकते आणि साप तिच्यातून पुढे सरकत जातो. पायमोजा उलटा करून काढावा तशी ती उलटते. म्हणून कातेच्या शेपटीचे टोक ज्या दिशेला, त्या दिशेला साप गेला असे समजावे. शिवाय निघताना ताणली गेल्यामुळे ती मूळ सापाहून बरीच लांब भरते. सहा हात लांबीच्या सापांच्या कथा पुष्कळदा अशा कातेवरूनच मोजलेल्या असतात!

बृहदारण्यकोपनिषदात ज्ञानी पुरुषाने सोडलेल्या देहाला वारुळावर टाकलेल्या कातेची उपमा दिली आहे. मराठीतही शहर वा संस्था ‘कात टाकते’. प्रत्यक्षात सापाची त्वचा नवी होते, वय तेच राहते.

नागाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर असते. प्रौढ नाग बहुधा १ ते १.५ मीटर, क्वचित २ मीटरांहून अधिक भरतो. एवढ्या वाढीत खवल्यांची वा मणक्यांची संख्या वाढत नाही. ती जन्मतःच ठरलेली असते. वाढतो तो प्रत्येकाचा आकार. भक्ष्य व ऊब मुबलक असेल तर पिल्लू झपाट्याने वाढते व वरचेवर कात टाकते. वयात आल्यावर वाढ मंदावते आणि कात वर्षातून थोड्याच वेळा पडते. जखमी साप ती अवेळीही टाकतो. त्यामुळे काती मोजून वय सांगता येत नाही.

विषाला मात्र प्रौढपणाची वाट पाहावी लागत नाही. नागाचे पिल्लू फणा आणि विष दोन्ही घेऊनच जन्मते. घोणस तर अंडी न घालता पिल्लांनाच जन्म देते, एका वेळी वीस-चाळीसही, आणि तीही विषारीच असतात. ‘पिल्लूच तर आहे’ म्हणून मुले त्यांना काठीने उचलतात, मोठी माणसे दंशाकडे दुर्लक्ष करतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. सर्पविषावरील प्रतिविष रुग्णालयातच टोचले जाते, आणि त्याची मात्रा सापाच्या लांबीवरून नव्हे, तर रुग्णाच्या लक्षणांवरून ठरते.