पुडीतली गोळी आणि पोत्यावरचे लेबल



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, हुमणी, ठिबक यांविषयी लिहितो. आज औषधाच्या पुडीविषयी लिहीत आहोत. ऊस विकास विभागाने डॉक्टरकी कधीपासून सुरू केली, असे कोणी म्हणेल. आम्ही डॉक्टर नाही, शेतकीचा डिप्लोमा घेतलेली माणसे आहोत. पण बांधावर जे दिसते ते आपणांस सांगणे हेही आमचेच काम आहे.

आडसाली लागणीच्या नोंदी घेताना एका सभासदाच्या बांधावर बसलो होतो. वय साठीच्या पुढे. आम्ही त्यांना आबाच म्हणतो. चहा झाल्यावर आबांनी खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढली. आत एक पांढरी, एक पिवळी, एक गुलाबी आणि अर्धी मोडलेली एक बारीक गोळी.

"कंबरंची पुडी हाय, सायेब. दोन वर्सं झाली. घेतली की दिवसभर दारं धरायला हरकत न्हाई."

गोळ्यांची नावे विचारली. आबा हसले. "नावं कशाला? मिक्स हाय."

आम्हीही हसलो आणि पुढच्या शिवाराला निघून गेलो. ही आमची चूक. दिवाळीनंतर आबा भेटले ते दवाखान्यात. तोंड सुजल्यासारखे गोल, पायांवर सूज, रक्तातली साखर वाढलेली आणि मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचा रिपोर्ट. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "आजवर कोणती औषधे घेतली?" मुलाने पुडीचा कागद पुढे केला. त्यावर जुनी बातमी होती, औषधाचे नाव नव्हते.

औषध मिसळून देणे मुळात वाईट नाही. आपल्याकडचा 'कंपाउंडर' हा शब्द त्यातूनच आला. कंपाउंड करणे म्हणजे मिसळणे. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, कंपाउंडर बाटलीत मिक्श्चर भरून डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देई. आजही गोळी गिळता न येणाऱ्या रोग्यासाठी तेच औषध पातळ करून देतात, लहान मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा बांधून देतात. एका रोग्यासाठी, एका चिठ्ठीवर, काय किती घातले त्याची नोंद ठेवून केलेले हे काम आहे. नोंद नसली की तेच काम घात करते.

बिननावाच्या पुडीत काय असू शकते? एक, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामक गोळी. ही सगळी एकाच घरातली भावंडे. युरिया टाकला आणि वर अमोनियम सल्फेट टाकले तर दोन्ही मिळून नत्रच वाढते, तसे दोन भावंडे एकत्र घेतली तर गुण वाढत नाही, पोटातला व्रण आणि मूत्रपिंडावरचा ताण मात्र वाढतो. दुसरे, डेक्सामेथॅसोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड. योग्य रोगावर, योग्य मात्रेत ते मोलाचे औषध आहे. पण महिनोन्महिने नकळत पोटात गेले तर तोंड गोल होते, साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. त्याने भूक लागते, अंगात जोर आल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस म्हणतो पुडी लागू पडली. दुखण्याचे कारण मात्र जागेवरच असते.

आपल्या धंद्याला यात आणखी एक धोका आहे. उन्हात घाम जाऊन अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाला रक्त कमी मिळू लागते. ते टिकवण्याची शरीराची जी सोय आहे, तीच ही वेदनाशामके बंद पाडतात. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत ऊसतोडणी करणाऱ्या तरुण मजुरांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. अभ्यासकांनी त्याचा संबंध उन्हातल्या कष्टाशी आणि पाण्याच्या कमतरतेशी लावला आहे. वेदनाशामकांनी त्यात भर पडत असावी, असाही विचार मांडला गेला आहे. तिथल्या काही कारखान्यांनी फडात पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती सुरू केली. टोळी आपल्या फडात उतरली की पिण्याच्या पाण्याची सोय आपण सभासदांनीच पाहावयास हवी.

मोठ्या देशांत असे घडत नसेल, असे मानू नये. अमेरिकेत 2012 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका औषध मिसळणाऱ्या फार्मसीत पाठदुखीसाठी स्टिरॉइडची इंजेक्शने तयार झाली. स्वच्छता पाळली गेली नाही, कुप्यांत बुरशी शिरली. 20 राज्यांत साडेसातशेहून अधिक लोक आजारी पडले, साठाहून अधिक दगावले. त्यानंतर 2013 साली तिथे नवा कायदा करावा लागला. रोग्यागणिक मिसळून दिल्या जाणाऱ्या महागड्या वेदनाशामक मलमांची 399 रोग्यांवर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाला: ती मलमे औषध नसलेल्या साध्या मलमाहून सरस ठरली नाहीत. तेव्हा 'खास तुमच्यासाठी मिसळले' एवढ्यावर भुलू नये.

आपण 10:26:26 चे पोते घेतो तेव्हा त्यावर नत्र, स्फुरद, पालाश किती हे छापलेले असते. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे ते बंधनकारक आहे. लेबल नसलेले पोते कोणी फुकट दिले तरी आपण सरीत टाकणार नाही. लागणीच्या बेसल डोसाला आपल्याकडे 'भेसळ डोस' म्हणतात. पण त्यात काय किती पडले, हे घरातले पोरही सांगते. मग पोटात जाणाऱ्या भेसळ डोसाचा हिशेब का नसावा?

दुखणे खोटे नाही, हे आम्ही जाणतो. रात्रीची वीज, वाकून भांगलण, डोक्यावर बेण्याच्या मोळ्या. हंगामात कोण बसून राहणार? म्हणून गोळी घेऊच नका, असे आम्ही सांगत नाही. एवढे मात्र अवश्य करावे:

1. सुट्या गोळ्या घेऊ नयेत. नाव व मुदत दिसेल असे पाकीट मागावे, अथवा डॉक्टरांकडून नावे लिहून घ्यावीत. विचारणे हा आपला हक्क आहे.

2. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

3. मधुमेह, रक्तदाब, पोटाचा व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास आधी सांगावे.

4. उपाशीपोटी आणि उन्हात पाण्याविना वेदनाशामक घेऊ नये.

5. बिननावाची पुडी बरेच दिवस रोज चालू असेल, तर हे वाचून एकदम बंद करू नये. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की शरीर आपले स्वतःचे बनवणे कमी करते. अचानक तोडल्यास चक्कर येते, रक्तदाब उतरतो, जिवावरही बेतू शकते. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे. साखर, रक्तदाब व क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

आबांची साखर आता आटोक्यात आहे. मूत्रपिंड पूर्वीसारखे होणार नाही, पण पथ्य पाळले तर आहे ते सांभाळता येईल, असे डॉक्टर म्हणाले. परवा नोंदीची पावती दाखवायला त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी उघडली. पावतीबरोबर गोळ्यांची पाकिटे आणि डॉक्टरांची चिठ्ठी नीट घडी करून ठेवली होती.

"आता नावं हायेत, सायेब," आबा म्हणाले. "वाचून बघा."

या वेळी आम्ही बसून सगळी वाचली.