शिबिराची फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा

सुगी उरकली की गावोगावची पोरं पोलीस भरतीच्या तयारीला लागतात. अशात 'पुण्यात दोन दिवसांचे ताकद व दमसास शिबिर' अशी जाहिरात हाती पडते आणि घरात फीची जुळवाजुळव सुरू होते. जरा थांबा.

पहिला प्रश्न : शिबिर कोणासाठी? पुणे हे व्यायामाचे जुने केंद्र. महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, तर बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले. इथे प्रशिक्षकांसाठीही चर्चासत्रे होतात. ती नवख्याच्या डोक्यावरून जातात.

दुसरा : शिकवणार कोण? शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे का, हे खुशाल विचारा. नुसते पिळदार दंड म्हणजे शिकवण्याची हातोटी नव्हे.

तिसरा : एका प्रशिक्षकामागे पोरं किती? शंभर जणांपुढे भाषण झाले, तर वजन उचलताना तुमची पाठ वाकतेय हे सांगणार कोण? कंबर धरली, की भरतीही गेली आणि शेतातले कामही.

चौथा : परतल्यावर काय? ताकद दोन दिवसांत येत नाही. वजन हळूहळू कसे वाढवायचे, याचा आठवडेवार तक्ता मिळायला हवा. पावडरचे डबेच पुढे आले, तर सावध व्हा.

आणि प्रमाणपत्राला भुलू नका. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. गुण मैदानावर मिळतात, कागदावर नव्हे.