पाठीतल्या सुईवरचे आरोप

गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की बांधीत दिवसभर वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते. सिझरच्या वेळी पाठीत सुई टोचली, तेव्हापासून कंबर कामातून गेली. चिखलात तासन्‌तास वाकणं, बाळंतपणानंतर लवकरच शेतात परतणं, कडेवर मूल आणि डोक्यावर हंडा, यांतल्या कशावरही ठपका येत नाही. तो येतो सुईवर. पुढे त्याच घरातली सून बाळंतपणाला गेली आणि कुणी ‘पेनलेस डिलिव्हरी’चं नाव काढलं, की उत्तर तयार असतं : काहीही करा, पाठीत सुई नको.

या उत्तरात पहिली गफलत अशी की दोन वेगळ्या सुया एकच समजल्या जातात. सिझरच्या आधी बहुतेक वेळा देतात ती स्पायनल. तिची सुई बारीक असते. ती मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जाते, एकच डोस देते आणि लगेच बाहेर येते. काही मिनिटांत कमरेखालचा भाग पूर्ण बधिर होतो आणि काही तासांत ती भूल उतरते. कळा कमी करण्यासाठी देतात ती एपिड्युरल. तिची सुई जाड असते, पण ती त्या पाण्याच्या आवरणाबाहेरच थांबते. तिच्यातून एक बारीक, लवचीक नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. नळी पाठीला चिकटवून ठेवली की प्रसूती होईपर्यंत लागेल तसं औषध देता येतं.

औषध दोन्हीकडे साधारण एकाच जातीचं, बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन. फरक आहे तो तीव्रतेचा. सिझरच्या स्पायनलमध्ये बुपिव्हाकेन ०.५ टक्के असतं, तर कळांसाठी आज ०.०६२५ ते ०.१ टक्का इतकं पातळ औषध वापरतात आणि सोबत फेंटानिल या वेदनाशामकाची अगदी अल्प मात्रा असते. म्हणून एपिड्युरल घेतलेल्या बाईचे पाय बहुधा हलतात, पोट घट्ट होतंय हे तिला कळतं, फक्त कळेची धार बोथट होते.

आता कंबरदुखीचं. हा समज अडाणीपणातून आला, असं म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण ते खरं नाही. एकेकाळी डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. १९९० साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ११,७०१ बाळंतिणींची पाहणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. एपिड्युरल घेतलेल्यांपैकी १८.९ टक्के बायांनी दीर्घकाळ कंबर दुखत असल्याचं सांगितलं. न घेतलेल्यांत हे प्रमाण १०.५ टक्के होतं. आकडा दणदणीत होता आणि तो जगभर फिरला. पण पाहणीत एक कच्चा दुवा होता. बाळंतपणानंतर काही वर्षांनी बायांना प्रश्नावली पाठवून आठवणी विचारल्या होत्या, आणि एपिड्युरल कुणी घ्यायची हे आधीच ज्याच्या-त्याच्या परिस्थितीवर ठरलेलं होतं. ज्यांचं बाळंतपण लांबलं, अडलं, ज्यांना मुळातच जास्त त्रास होता, त्याच बाया एपिड्युरलकडे अधिक वळल्या होत्या.

खरी कसोटी लावली ती नॉर्थ स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात. तिथे ३६९ बायांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला एपिड्युरल, दुसऱ्याला वेदनाशमनाचे इतर उपाय. सरासरी दोन वर्षांनंतर त्यांची पुन्हा तपासणी झाली आणि निष्कर्ष २००२ मध्ये त्याच नियतकालिकात आला : दोन्ही गटांतल्या कंबरदुखीत फरक नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याने ४० चाचण्यांतल्या अकरा हजारांहून अधिक बायांची माहिती एकत्र केली. दीर्घकाळच्या कंबरदुखीबाबत त्याचंही उत्तर तेच आलं.

सुई टोचली त्या जागी दोन-चार दिवस ठणका लागतो, हे खरं. महिनोन्‌महिने दुखणाऱ्या कमरेचं कारण मात्र गरोदरपणातच तयार झालेलं असतं. संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैलावतात, पोटाचे स्नायू ताणले जातात, पुढे झुकलेल्या भाराने पाठीचा बाक वाढतो. त्या कमरेला विश्रांती आणि व्यायाम मिळायच्या आत रोवणीला जुंपलं, तर सुई न घेतलेल्या बाईचीही कंबर बोलणारच.

लुळेपणाची भीती त्याहून मोठी. मज्जारज्जू पाठीच्या कण्यात शेवटपर्यंत उतरत नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई टोचतात ती त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत, जिथे फक्त नसांचे सुटे धागे असतात. ब्रिटनमध्ये गरोदर बायांच्या हाती धोक्यांच्या आकड्यांचं एक कार्डच देतात. एखाद्या नसेला तात्पुरती इजा होऊन पायावर बधिर चट्टा राहणं किंवा पाय अशक्त वाटणं हजारात एकीला होतं. सहा महिन्यांहून जास्त टिकणारा त्रास १३,००० मध्ये एकीला. लुळेपणासारखी गंभीर इजा सुमारे अडीच लाखांत एकीला. धोका शून्य आहे, असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण घराघरांत धरला जातो तेवढा तो नाही.

तिसरा आरोप असा, की सुई घेतली की सिझर ठरलेलंच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर चारपैकी एक बाळंतपण सिझरने होत होतं (२५.४ टक्के). त्यामुळे शंका येणं स्वाभाविक आहे. पण हे प्रमाण एपिड्युरलच्या माथी मारता येत नाही. २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ७५० बायांवरची चाचणी छापून आली. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटरही उघडलेलं नसताना पाठीतून वेदनाशमन सुरू केलेल्या गटात सिझरचं प्रमाण १७.८ टक्के निघालं, उशिरा सुरू केलेल्या गटात २०.७ टक्के. हा फरक योगायोगाइतकाच मानला गेला. मुद्दा एवढाच की लवकर दिल्याने सिझर वाढलं नाही. कॉक्रेन आढावाही हेच सांगतो.

बाळंतपण थोडं लांबतं, हे मात्र खरं आहे. पहिल्या टप्प्यात सरासरी अर्धा तास, जोर करण्याच्या टप्प्यात पाव तास. जुन्या, दाट औषधाच्या काळात व्हॅक्यूम आणि चिमट्याचा वापर वाढायचा. २००५ नंतरच्या चाचण्यांत ती वाढ दिसत नाही. प्रश्न त्या पाव तासाचा आहे. प्रसूतिगृहात धीर नसेल तर वरून पोट दाबायला सुरुवात होते. पोट दाबून बाळ ढकलू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. या प्रकाराला सुई जबाबदार नाही, घाई जबाबदार आहे.

बाळाबद्दलच्या काळजीत एक गंमत आहे. दंडात किंवा कुल्ल्यावर कळा कमी करणारं ट्रॅमाडॉल किंवा पेथिडिनचं इंजेक्शन दिलं तर घरचं कुणी हरकत घेत नाही. ही औषधं आईच्या रक्तातून बाळापर्यंत सहज पोचतात आणि बाळाला सुस्ती आणू शकतात. एपिड्युरलचं औषध मणक्याजवळच काम करतं, बाळापर्यंत त्याचा फार थोडा अंश जातो. अशा इंजेक्शनांशी तुलना केली तर नवजात बाळाची प्रकृती मोजणाऱ्या पाचव्या मिनिटाच्या अपगार गुणांत किंवा नवजात अतिदक्षता कक्षात न्यावं लागण्यात फरक आढळलेला नाही. उलट गुंगी उतरवणारं नॅलॉक्सोन द्यावं लागणाऱ्या बाळांची संख्या एपिड्युरलच्या गटात कमी निघाली.

आणि उशी! सिझरनंतर चोवीस तास उशी घ्यायची नाही, मान उचलायची नाही, नाहीतर डोकं दुखेल, हा नियम नातेवाईक डोळ्यांत तेल घालून पाळतात, आणि कित्येक वॉर्डांत तो कर्मचारीच सांगतात. ही डोकेदुखी खरी असते. मणक्यातलं पाणी सुईच्या छिद्रातून झिरपलं की ती होते. बसलं की वाढते, आडवं झालं की कमी होते. पण पडून राहिल्याने ती टळत नाही, हे २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात २४ चाचण्यांवरून दिसलं. ओल्या बाळंतिणीला उगाच उताणी झोपवून ठेवल्याने बाळाला पाजणं तेवढं अवघड होतं.

सुईच्या बाजूने एवढं बोलल्यावर तिचे खरे दोष दडवून चालणार नाही. एपिड्युरल घेतलेल्या दर आठपैकी एकीला पुरेसा आराम मिळत नाही आणि दुसरा उपाय जोडावा लागतो. ‘पेनलेस’च्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं. पन्नासात एकीचा रक्तदाब बराच खाली जातो. शंभरात एकीला वर सांगितलेली तीव्र डोकेदुखी होते. ती साध्या औषधांनी थांबली नाही, तर रुग्णाचंच थोडं रक्त पाठीत सोडून छिद्र बुजवतात. लघवी अडते, खाज सुटते, थंडी वाजते, ताप येतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, प्लेटलेट ७०,००० च्या खाली असतील, रक्तस्राव चालू असेल किंवा पाठीवर त्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर सहसा ही सुई देत नाहीत.

गोंदियासाठी यात एक वेगळी बाब आहे, ती सिकलसेलची. पूर्व विदर्भात रक्ताचा हा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. घरोघरी त्याची ओळख आहे, लग्न जुळवतानाही त्याची चौकशी होऊ लागली आहे. सिकलसेलग्रस्त बाईला प्रसूतीचा ताण, शरीरातलं पाणी कमी होणं आणि प्राणवायूची कमतरता यांनी तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा बाईला पेथिडिन टाळावं, कारण त्यातून फिट येण्याचा धोका असतो. आणि सिझर लागलं तर पूर्ण भूल देण्यापेक्षा पाठीतली भूल बरी, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाचं मार्गदर्शन सांगतं. म्हणजे जिच्या घरचे आजारामुळे सुईला सर्वांत जास्त घाबरतात, तिलाच सुईचा उपयोग जास्त. उच्च रक्तदाब असलेल्या गरोदर बाईचंही बरंचसं तसंच, प्लेटलेट ठीक असतील तर. स्कॉटलंडमधल्या २००७ ते २०१९ या काळातल्या ५,६७,२१६ बाळंतपणांच्या नोंदी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एपिड्युरल घेतलेल्यांत प्रसूतीशी संबंधित गंभीर गुंतागुंत ३५ टक्क्यांनी कमी दिसली, आणि आधीच जोखमीच्या असलेल्या बायांत हा फायदा अधिक होता. तो नोंदींचा अभ्यास आहे, सुईमुळेच हे झालं असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण सुई म्हणजे घातच, या समजाला त्यातून आधार मिळत नाही.

मग धोका आहे कुठे? सुई दिल्यानंतरच्या देखरेखीत. औषध दिल्यावर पहिली पंधरा मिनिटं दर पाच मिनिटांनी रक्तदाब बघावा लागतो. निदान अर्धा तास बाळाच्या ठोक्यांवर सलग लक्ष हवं. रक्तदाब उतरला तर सलाइन आणि औषध हाताशी हवं, ठोके बिघडले तर शस्त्रक्रियागृह उघडं हवं. यासाठी भूलतज्ज्ञ रुग्णालयात हजर लागतो. सुई देऊन दुसऱ्या नर्सिंग होमकडे धावणारा चालत नाही. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून अडलेली बाई १०२ च्या गाडीतून गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात पोचते, तेव्हा बहुधा वेदनाशमनाचा विचार करायला कुणाला सवड नसते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि सिझर मोफत आहे. कळा कमी करण्याची सोय मात्र भूलतज्ज्ञांच्या संख्येवर अडते, आणि खासगीत ती खिशावर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की निरोगी बाईने मागितली तर एपिड्युरल द्यावी. मागण्याइतकी माहिती आधी तिच्यापर्यंत पोचायला हवी.

त्यामुळे हा निर्णय कळा सुरू झाल्यावर, सासू-आई-नवऱ्याच्या गराड्यात घेऊ नये. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारून ठेवावं : रात्री भूलतज्ज्ञ इथे असतो का, बाळाचे ठोके सलग कोण बघतं, सिझर लागलं तर इथेच होतं का, एपिड्युरल पुरी पडली नाही तर पुढे काय. सिकलसेलचं कार्ड, प्लेटलेटचा अहवाल आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. उत्तरं गुळमुळीत मिळाली, तर त्या ठिकाणी एपिड्युरल न घेणंच शहाणपणाचं. सोबतीला ओळखीची बाई, चालणं-फिरणं, पाठीला मालिश आणि गरम पाण्याचा शेक हे उपाय तिथेही मागता येतात. उत्तरं नीट मिळाली, तर शेजारणीच्या कंबरदुखीसाठी कळा सोसत बसण्याचं कारण नाही.